काही राहिलं का, असं विचारू नये

आमच्या घरातून निघालेल्या माणसाला 'काही राहिलं का?' असं विचारायची सोय नव्हती. चुकून कुणी विचारलंच, तर आई त्याच्याकडं अशी बघायची की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहायचं. बाकीच्या सगळ्या आया हा प्रश्न दारात उभं राहून दहादा विचारतात. माझी आई सोडून.

हे मला आठवलं ते फाल्गुनातल्या एका दुपारी, तुळजापूरच्या आमच्या घरात, मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली असताना. आईला जाऊन वर्ष व्हायला पंधरा-वीस दिवस कमी होते. वडील त्याआधी चार वर्षं गेलेले. धाकटा भाऊ धाराशिवला कचेरीत कारकून. त्याचं पत्र आलं होतं, की पाडव्याला आपला चुलतभाऊ आणि वहिनी त्या घरात राहायला येतायत, देवीच्या पूजेची आपली पाळी यापुढं तोच सांभाळेल, तेव्हा मधली खोली मोकळी करून द्यायची आहे. शेवटी लिहिलं होतं, 'तू आल्याशिवाय मी त्या खोलीत हात घालणार नाही. माझी हिंमत नाही.'

म्हणून मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मुरूमहून एसटीनं आले. लेकीच्या अंगात गेल्या वर्षीचाच पिवळा फ्रॉक होता, खालची दुमड सोडून लांब केलेला. त्याच्या पाठीवर तीन बटणं पांढरी आणि चौथं काळं. पांढरं कधी तुटलं कुणास ठाऊक. डब्यात काळं सापडलं, ते लावून मी मोकळी झाले होते. शिवणटिपणात मी पहिल्यापासून आळशी.

आता त्या खोलीबद्दल सांगायला पाहिजे. तुळजापुरात देवीला येणारी माणसं आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. कुणाचं गाव कुणाकडं, हे आजोबांच्या आजोबांपासून ठरलेलं. आमच्याकडं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूची काही गावं होती, आणि मुरूमकडची कानडी बोलणारी चार-पाच घरं. माणसं यायची, ओसरीवर पथाऱ्या टाकायची, चुली मांडायची, देवीचं दर्शन घ्यायची, आणि दोन दिवसांनी घाईघाईनं गाठोडी बांधून निघायची. घाईघाईनं निघालेल्या माणसाचं काहीतरी राहतंच.

ते राहिलेलं सगळं आईचं.

पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली, की ती पदर खोचायची आणि घर धुंडाळायला लागायची. भिंतीतल्या दिवळ्या, खुंट्या, वळणीची दोरी, न्हाणीचा दगड, चुलीमागची जागा. काही सापडलं की तिचा चेहरा असा उजळायचा, की बघणाऱ्याला वाटावं हिलाच कुणीतरी ओवाळणी घातली. मग ती अंगावरच्या लुगड्याच्या आतल्या टोकाची बोटभर चिंधी फाडायची, त्या वस्तूला बांधायची आणि जितकी माणसं आली होती तितक्या गाठी मारायची. तिला लिहिता येत नव्हतं. चिंधी बघितली की तिला दिवस आठवायचा, गाठी मोजल्या की माणसं आठवायची. त्यामुळं तिच्या एकाही लुगड्याचं आतलं टोक धड नव्हतं. मग वस्तू मधल्या खोलीत जायची.

त्या खोलीला खिडकी नव्हती. वरच्या मातीच्या माळवदात एक झरोका होता, त्यातून ताटाएवढं ऊन खाली पडायचं आणि दिवसभर जमिनीवरून हळूहळू सरकायचं. लहानपणी मी तिथं पालथी पडून ते ऊन कुठल्या वस्तूवर जातंय ते बघत राहायची. आधी धनगराची काठी. मग एका काचेचा चष्मा. मग तान्ह्या लेकराचं टोपरं, तंबाखूची चंची, कुणाची परडी, आणि एकेकट्या चपला. जोडीतली एकच चप्पल विसरून माणूस घरी कसा जातो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण आमच्याकडं अशा अकरा होत्या. कापूर, हळद आणि जुन्या चामड्याचा एकत्र वास यायचा. त्या वासात मला झोप लागायची. झोपेत वाटायचं, की या सगळ्यांची माणसं भिंतीपलीकडं ओसरीवरच बसली आहेत आणि हळू आवाजात बोलतायत.

आई त्या वस्तूंचं सगळं करायची. चपलांना दिवाळीला तेल, छत्र्यांना महिन्याकाठी ऊन, घोंगड्यांना कडुलिंबाचा पाला. चष्मा रोज पुसायची. वडील म्हणायचे, "अगं, त्याला बघायचं हाय का काही?" ती म्हणायची, "पाव्हणा हाय आपला. त्याच्या डोळ्यात धूळ जाऊ द्यायची व्हय?"

यात थोडी लबाडीही होती, ती सांगते. निघणाऱ्याची वस्तू खुंटीवर तिला ढळढळीत दिसत असली तरी ती तोंड उघडायची नाही. एकदा वाशीकडच्या एका म्हाताऱ्याचं मुंडासं खुंटीवर लटकत होतं, म्हातारा बोडक्या डोक्यानं गाडीत चढत होता, आणि आई खुंटीच्या पुढं उभी राहून त्याला हात हलवत होती. गाडी गेल्यावर वडील चिडले.

"दिसत व्हतं तर सांगायचं न्हाय का?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं की त्यांनी."

वडिलांनी कपाळाला हात लावला. ते शांत माणूस. देवीसमोर उभं राहून त्यांच्या अंगात जो धीर आला होता, तो सगळा घरी खर्च व्हायचा.

आणखी एक नियम होता. वस्तू कुणाबरोबर पाठवायची नाही. "ज्याची त्यानं यावं, न्यावी." या नियमानं केलेला सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे मुरूमच्या अप्पांची कवळी.

अप्पा मुरूमच्या पेठेतले व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज दांडगा. सोलापूरला जाऊन त्यांनी नवी कवळी करून आणली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. चैत्री पौर्णिमेला आले, रात्री ती काढून दिवळीत ठेवली, आणि पहाटेची गाडी गाठायच्या नादात तशीच विसरून गेले. आईला ती सापडली तेव्हा ती आधी दचकली आणि मग हरखली. पितळेच्या वाटीत पाणी घालून तिनं कवळी त्यात ठेवली. ते पाणी ती रोज बदलायची. "तहान लागत असंल," म्हणायची. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. अभ्यासाला बसले की ते दात समोरून माझ्याकडं बघून हसायचे.

आठवड्यात अप्पांचं पत्र आलं, की कवळी पोस्टानं पाठवावी. आईनं माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. 'तुमची वस्तू सुखरूप आहे. न्यायला यावे.' दुसरं पत्र आलं, जरा कडक. तेच उत्तर गेलं. मृग संपला, पेरण्या झाल्या, आणि एका सकाळी अप्पा स्वतःच ओसरीवर उभे. गाल आत गेलेले, रागानं लाल.

"तीन महिने आंबिलीवर काढलो की हो अक्का मी! ह्ये काय बरोबर हाय?"

आईनं पाण्याचा तांब्या दिला. वाटी पुढं ठेवली. "बघून घ्या अप्पा. एक दात कमी न्हाय."

अप्पांनी कवळी बसवली. चार-दोनदा तोंड हलवून बघितलं. आई तोवर पुरणाला लागली होती. अप्पा एका दिवसासाठी आले होते, ते चार दिवस राहिले. पहिल्यांदाच त्यांनी वडिलांशी बसून आपल्या घरातलं सगळं सांगितलं, गेलेल्या बायकोबद्दल बोलले, एकदा डोळेही पुसले. जाताना त्यांनी आपली तपकिरीची डबी खिशातून काढली आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं खाकरून, खुंटीखालच्या दिवळीत ठेवली. आई लगेच दुसरीकडं बघायला लागली. पुढं ते दर वर्षी काहीतरी विसरायचे. दोन वर्षांनी ते माझ्यासाठी त्यांच्या गल्लीतल्या एका शाळामास्तराचं स्थळ घेऊन आले. तेव्हा माझं लग्न कवळीमुळं जमलं असं आमचे हे म्हणतात, ते काही खोटं नाही.

लग्न झाल्यावर मात्र मला एक नवाच आजार जडला. मी विसरभोळी झाले. सासरी सगळं जागच्या जागी, पण माहेराहून आले की काहीतरी राहिलेलं असायचंच. कधी फणी, कधी चोळी, कधी एक पैंजण. एकदा तर ह्यांच्या फाउंटन पेनचं टोपण. पेन माझ्याजवळ, टोपण तुळजापुरात. ह्यांनी महिनाभर त्या पेनाला कागदाची टोपी घालून शाळेत नेलं. सासूबाई म्हणायच्या, "माहेरला जाऊन कदी सगळी परत आलीस का गं तू?" मी रडकुंडीला यायची. आईला पत्रातून विचारलं तर भावाच्या हातचं उत्तर ठरलेलं: 'आहे. न्यायला ये.' आणि गेले की आई म्हणायची, "कुठं ठिवलं बाई आता, सापडंना." तेवढ्या शोधाशोधीत दोन दिवस जास्तीचे जायचे. तेव्हा माझं डोकं कसं चाललं नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

ती असं का करते, हे तिनं मला एकदाच सांगितलं. लेक पोटात होती तेव्हा. मधल्या खोलीत आम्ही दोघी छत्र्या उघडून ठेवत होतो, झरोक्यातलं ऊन तिच्या हातावर आलं होतं. मी सहज म्हटलं, आई, हा कसला नाद?

"माझी धाकटी बहीण व्हती," ती म्हणाली. "वाशीला दिली व्हती. पंचमीला आली माझ्याकडं. लई नेटकी पोर. जाताना समदं आवरून नेलं तिनं. फणीतला गुंतवळ सुदिक गोळा करून नेला. मी म्हणलं, काय राहिलं का गं बघ. ती म्हणली, काय न्हाय राहिलं अक्का." आईनं छत्रीची एक काडी सरळ केली. "दिवाळीला आणाया माणूस धाडला. तर ती तापात गेली व्हती. घरात तिचं हुंगायला काय न्हवतं बघ. काय म्हंजी काय न्हाय."

मग ती उठली आणि चपला झटकायला लागली. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि हे सगळं माहीत असून, मागच्या शिमग्याला मी काय केलं ते ऐका.

सासूबाईंच्या टोमण्यांना मी कंटाळले होते. ह्यांनी गमतीनं एक यादी करून दिली, मास्तरी अक्षरात: फणी एक, चोळ्या तीन, पोरीचे फ्रॉक चार, छत्री एक, अशी. निघायच्या दिवशी मी ती यादी हातात घेऊन एकेक वस्तू पेटीत टाकली आणि खूण केली. पेटीला कुलूप लावलं. आई दाराशी उभी राहून बघत होती. तिच्या अंगावर जांभळं लुगडं होतं, गुडघ्यावर ठिगळ असलेलं. ती आम्हाला पोचवायला स्टँडवर आली. एसटी लागली होती, आणि मी मोठ्या फुशारकीनं म्हटलं, "आई, यावेळी तुझ्या घरात माझी टाचणी सुद्धा राहिली नाही बघ."

ती एवढंच म्हणाली, "व्हय का."

मग तिनं नातीला जवळ ओढलं, तिच्या फ्रॉकची पाठीवरची बटणं नीट लावते म्हणाली, आणि तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ तिथंच उकिडवी बसून राहिली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा सोडलं. खिडकीतून मला तिचा पाठमोरा पदर दिसला. ती एसटी सुटायच्या आधीच घराकडं वळली होती.

वीस दिवसांनी भावाची तार आली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे. माणूस हृदय बंद पडून जातो, यादीमुळं जात नाही, हे मला कळतं. ह्यांनीही मला बसवून हेच समजावलं. कळून काय करायचं? वर्षभर भाकरी थापताना, पोरीची वेणी घालताना माझ्या डोक्यात तेच. तिच्या बहिणीनं सगळं नेलं, आणि मीही सगळं नेलं. शेवटचे वीस दिवस ती रिकाम्या घरात खुंट्या, दिवळ्या धुंडाळत फिरली असेल, आणि तिला माझं काही सापडलं नसेल. तिला हुंगायला मी काही ठेवलं नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. भावाला सुद्धा नाही.

तर त्या उंबऱ्यावर मी बसले होते. भाऊ आत एकेक वस्तू उचलून विचारत होता, "ताई, ह्याचं काय करायचं?" आणि मी म्हणत होते, "असू दे." असं करत दुपार कलली तरी खोली होती तशीच. लेक अकरा चपला रांगेत मांडून त्यांची एसटी करून खेळत होती. शेवटी भाऊ म्हणाला, "आपण आईच्या संदुकीत भरू समदं. वहिनीला सांगतो, संदूक हलवू नका म्हणून. कुणी आलं मागायला तर?" त्याला माझ्यापेक्षा जास्त रडू येत होतं, पण तो पुरुष, म्हणून त्यानं ते संदुकीचं झाकण उघडण्यात घालवलं.

संदुकीत आईची लुगडी होती. त्यांच्या तळाशी एक गाठोडं.

सोडलं तर वर माझी फणी. खाली चोळी, पैंजण, पेनाचं टोपण, आरशाचा तुकडा, पोरीचा खुळखुळा, माझ्या हातची अर्धी विणलेली टोपी. प्रत्येकाला चिंधी. आधीच्यांना एकेक गाठ, लेक झाल्यानंतरच्यांना दोन. मी विसरले नव्हते कधीच. पेटीतून काढून ठेवलेलं होतं सगळं, निगुतीनं, निवडून, एका खेपेला एक. मला आधी इतका राग आला की काय सांगू. सात वर्षं मी सासूबाईंचं ऐकून घेतलं!

भाऊ गाठोड्यात वाकून बघत होता. "माझं काहीच न्हाय गं ह्यात?"

"तू दर शनिवारी येत होतास," मी म्हटलं. त्याचं समाधान झालं नाही.

मी गाठोड्याचं कापड झटकलं. कोपऱ्यातून काहीतरी बारीक खाली पडलं आणि झरोक्याच्या उन्हात जाऊन थांबलं. एक पांढरं बटण. त्याच्या दोन भोकांतून चिंधी ओवलेली. चिंधीला दोन गाठी. चिंधी जांभळी.

मी ते जांभळं लुगडं उलगडलं. गुडघ्यावर ठिगळ होतं. आतलं टोक फाटलेलं होतं, बोटभर.

लेक चपलांची एसटी सोडून आली, बटण बघितलं आणि पाठ माझ्याकडं करून उभी राहिली. "आई, हे माझं. आज्जीनं दातानं तोडलं होतं. मला म्हणली, आईला सांगू नको."

मग मात्र मी रडले. वर्षभराचं रडले. भाऊ घाबरून पाणी आणायला धावला. लेक माझ्या मांडीवर बसली आणि मी काळ्या बटणावर कपाळ टेकून हसत होते, रडत होते. माझी आई माझ्याहून हुशार निघाली होती. स्टँडवर, एवढ्या माणसांत, माझ्या नाकासमोर. म्हणून ती एसटी सुटायच्या आधी वळली होती. मूठ झाकून घरी निघाली होती.

संध्याकाळच्या एसटीआधी सगळं संदुकीत भरून झालं. वर तिची लुगडी ठेवली. फणी, टोपण वगैरे मी बरोबर घेतलं, कारण माझं होतं आणि मी न्यायला आले होते. भावानं दाराला कुलूप घातलं आणि सहज मागं वळून म्हणाला, "बघ गं ताई, काही राहिलं का..." आणि जीभ चावली.

मी पुढं चालू लागले.

वळणाशी आल्यावर लेकीनं माझी मूठ उघडून बघितली. मग दुसरी.

"माझं बटण कुठंय?"

"दिवळीत राहिलं."

"आता?"

"आता न्यायला यावं लागंल," मी म्हटलं, आणि तिला उचलून कडेवर घेतलं.